टेबलावरची बाटली

आमच्या जबलपूरच्या कॉलेजात आम्ही कडुनिंबाच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवतो. काचेच्या बशीत ते कॅन्सरच्या पेशी मारतात, एवढीच बातमी छापून आली होती. ती वाचून एक माणूस थेट प्रयोगशाळेत आला. बोलताना त्याचा हात सारखा टेबलावरच्या त्या कणांच्या बाटलीकडे सरकत होता.

"एवढी द्या, मॅडम. बायकोची उद्याची केमो रद्द करून आलो."

मी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. "हे अजून उंदरालाही दिलं नाही, भैया. माणसाला द्यायला वर्षं लागतील."

"मी थांबतो जी. पण तिची गाठ काहून थांबेल?"

"म्हणूनच केमो चुकवू नका."

त्यानं कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं. मग त्यानं फोन लावला. "डॉक्टर साहब, कल हम आ रहे हैं."

जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला ते चाललं.