गरम पिठावरचं झाकण

गिरणीकाकूंना हळू बोलता येत नसे. तीस-पस्तीस वर्षं गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभं राहून त्यांचा आवाज असा वर चढून बसला होता, की गिरणी बंद असली तरी तो खाली उतरत नसे. "बरं हाय का?" एवढं विचारलं तरी नव्या माणसाला वाटावं, आता भांडण लागलं. आणि तरीही आमच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या घरांची गुपितं याच बाईच्या पोटात होती. त्यातलं एकही कधी बाहेर आलं नाही.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. लोक काकूंपाशी मन मोकळं करत ते गिरणी सुरू असताना. शेजारच्याला ऐकू जायची भीती नाही, म्हणून बायका सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून घेत. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहत आणि मधूनच "व्हय की!" असं ओरडत. एकदा मी विचारलं, "काकू, एवढ्या खडखडाटात ऐकू येतंय व्हय तुम्हास्नी?" तर म्हणाल्या, "निम्मं बी येत न्हाय. मी ऐकून काय करू? त्यांचं बोलून झालं की झालं!"

त्यांचा खरा हट्ट होता तो झाकणाचा. दळून पडलेलं पीठ गरम असतं. त्यावर लगेच झाकण घातलं की डब्याला आतून घाम सुटतो आणि पीठ वास मारतं. म्हणून काकू डबा उघडाच द्यायच्या. झाकण घालणाऱ्याच्या हातावर फटका बसायचा, मग तो प्राध्यापक असो नाहीतर पैलवान. आणि कुणी रडवेला किंवा तणतणत आलेला असला, तर त्याला डबा मिळतच नसे. त्याला बाकड्यावर बसवायचं, त्याचा डबा त्याच्या मांडीवर ठेवायचा आणि सांगायचं, "घाल हात पिठात. खालीवर कर. झाकू बी नको आन् उधळू बी नको. निवू दे." ते पीठ हाताला किती ऊबदार लागतं, हे ज्यानं त्यात हात घातलाय त्यालाच ठाऊक.

म्हणजे काकू सगळ्यांना सोसायला शिकवत होत्या असं मात्र नव्हे. पलीकडच्या गल्लीतली एक नवी सून गव्हाचा डबा घेऊन आली आणि "मी हितं ऱ्हात न्हाय आता" म्हणून रडायला लागली. काकूंनी तिला बसवलं, पीठ निवेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आता काय म्हणतीयास?" पोरगी डोळे पुसून म्हणाली, "तेच." काकूंनी गिरणीला कुलूप घातलं आणि तिला स्वतः स्टँडवर नेऊन माहेरच्या गाडीत बसवलं. तिची सासू भांडायला आली तेव्हा काकू म्हणाल्या, "निवल्यावर बी तीच गोष्ट तोंडात ऱ्हायली, म्हंजे ती खरी!" सासू चार दिवस दुसऱ्या गिरणीत जात होती. पाचव्या दिवशी परत आली.

आता माझं. तापट डोकं ही आमच्या घराण्याची देणगी. आबा, म्हणजे माझे वडील, तापट. मी त्यांच्या वरचढ. थोरला दादा तेवढा आईवर गेलेला. आबा त्याच्याकडे पेठ वडगावला असत. एका रविवारी सकाळी मी डबा घेऊन दळणाला निघालो आणि वाटेतच चुलतभावाचा फोन आला. आबा न्हाणीत घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि या गोष्टीला तीन दिवस झाले होते. तीन दिवस! सख्ख्या मुलाला पत्ता नाही. माझं डोकं असं भडकलं, की पाय गिरणीकडे चालत होते आणि मनात एकच वाक्य घोळत होतं: दादा, आजपासून तू मला मेलास. आमची आई नुकतीच गेली होती. आता हे वाक्य तोंडातून गेलं असतं तर मला भाऊही उरला नसता. पण त्या क्षणी ते कुणाला सुचतंय!

काकूंनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, गहू ओतले आणि गिरणी सुरू केली. त्या आवाजात फोन करणं शक्यच नव्हतं. मग मी त्यांच्याच अंगावर ओरडून सगळं सांगितलं. "व्हय की!" त्या ओरडल्या. दळण झालं, गिरणी थांबली, डबा मांडीवर आला. मी चडफडत पिठात हात घातला. बराच वेळ गेला. मग काकूंनी विचारलं, "आबास्नी भेटून किती दिस झालं तुला?"

नेमकं एवढं निम्मं त्यांना ऐकू आलं होतं, की त्यांनी ओळखलं, देव जाणे. "चार महिने," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. चाळिशीचा माणूस, कोपरापर्यंत पीठ. काकूंनी मला गप केलं नाही. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र म्हणाल्या, "पावणं, जरा मागनं या."

पीठ निवल्यावर मी फोन लावला. "दादा, आबा कसं हाईत?"

दादा म्हणाला, "तुला सांगायला तीनदा फोन हातात घेतला रं. तुझ्या तोंडाचं भ्या वाटलं."

माझ्या थोरल्या भावाला माझी भीती वाटत होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्यानंतरचा एकही रविवार मी वडगावला जायचा चुकवला नाही.

पुढच्या वर्षी काकूंचे यजमान गेले. दिवसकार्य झाल्यावर मी डबा घेऊन गेलो तर गिरणी सुरू होती, पण आवाज निराळाच, आणि दगड जळल्याचा वास. आत दाणा नसताना काकू गिरणी चालवत उभ्या होत्या. दगडावर दगड घासत होता. जी चूक नवशिक्यानं केली तर त्या त्याला फोडून काढतील, ती चूक. मी बटण बंद केलं. "काकू, आत दाणा न्हाय."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "आवाज पायजे हुता. घरात लई शांत हाय रं." हे त्या इतक्या हळू बोलल्या, की मला कान पुढं करावा लागला. सांत्वनाची चार वाक्यं मी घरून जुळवून आणली होती, ती गिळली. माझे गहू ओतले, गिरणी सुरू केली. पीठ पडल्यावर डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हात घातला आणि बसून राहिल्या.

हळूहळू घरोघरी घरघंटी आली, काकूंचे गुडघे गेले आणि त्या शिरोळला लेकीकडे राहायला गेल्या. शेवटचं दळण माझंच होतं. "घरला जाऊन मग झाकण घाल," त्या रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. स्कूटरवर पायाशी उघडा डबा ठेवून मी घरी आलो. विजार पांढरी झाली होती, बायको करवादली, आणि मला फार पोरकं वाटत होतं.

गेल्या थंडीत, सकाळी चहा घेत असताना दादाचा फोन आला. "आबा गेलं," तो म्हणाला. "आत्ताच. अजून कुणालाच सांगितलं न्हाय. तुलाच पयला फोन केलाय." आणि तो रडायला लागला. 'गप, दादा' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी ते बोललो नाही. त्याचं रडून होईपर्यंत फोन कानाशी धरून उभा राहिलो.