ताठ उभा राह!

पाठ माझी दुखते, पण तोंड अख्ख्या खानदानाचं चालतं. दोन वर्षांत एवढे किस्से जमलेत की एक्स-रेची फाईल पातळ वाटायला लागली!

आजाराचं नाव फार उशिरा कळलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. शरीर आपल्याच मणक्यांवर, सांध्यांवर उलटतं. सूज येते, पाठ हळूहळू लाकूड होते. पडून राहिलो की आखडते, हिंडलो की सुटते. एवढंच समजून घ्यायचं होतं या मोठ्या माणसांनी.

*

लातूरला क्लासमध्ये मी अर्ध्या तासाला उठून उभा राहायचो. सर माईकवरून म्हणाले, "डॉक्टर व्हायचंय का वॉचमन?"

"वॉचमनला उभं तरी राहू देतात, सर!"

बॅग उचलली, क्लास सोडला अन् घरी, नांदेडला जायची बस धरली.

*

सकाळी पलंगावरून उठायलाच मला तास लागतो, संध्याकाळी मात्र ग्राउंडवर असतो. नायगावचे काका सगळ्यांना सांगत हिंडले, "सकाळी म्हातारा, संध्याकाळी हिरो! नाटक हाय."

आईच्या नवसापायी माहूरला गेलो. मी पायऱ्या भराभर चढलो. काका निम्म्यात बसले, धापा टाकत.

"मग तुला दुखतंय कुठं रे?"

"बसल्यावर, काका. तुम्ही बसा निवांत!"

*

चुलतबहिणीच्या लग्नात मावसआजोबांच्या पाया पडायचं होतं. हात गुडघ्याखाली जाईना.

"शिक्षण सोडलं, अन् वाकत बी न्हाई! लई माज आलाय."

"आजोबा, पाय खुर्चीवर घ्या. तिथवर पोचतो मी!"

पप्पांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणंच टाकलं. पप्पा शाळेत मास्तर. कुणी हाक मारली तर नुसती मान वळवत नाहीत, अख्खे वळतात. लोक म्हणतात, काय रुबाब! त्यांचा रुबाब, माझा माज. माझ्या वाट्याला त्यांचं एकच वाक्य उरलं होतं: "ताठ उभा राह!"

*

शेवटी नांदेडमधल्याच सांध्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. पप्पांची अट होती: डॉक्टर "काही नाही" म्हणाले, की सोमवारपासून परत लातूर.

"टाचा अन् पाठ भिंतीला लाव," डॉक्टर म्हणाले. "आता डोकं टेकव."

दोन बोटांची फट राहिली.

पप्पा भडकले. "नाटकं करून राहिला, साहेब! ह्यात काय अवघड हाय? बघ इकडं!" चपला काढून स्वतःच भिंतीला उभे राहिले. टाचा टेकल्या. पाठ टेकली.

"डोकं टेकवा, सर."

"टेकलंय की!"

मी मधल्या फटीत हात घातला. अख्खी मूठ गेली.

डॉक्टरांनी दुसरा केसपेपर ओढला. "सर, सकाळी उठायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

पप्पा माझ्याकडं वळले. अख्खे.