भोंग्याची प्रतिकारशक्ती

बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारण्यात त्याची उभी हयात गेली, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. कुठली गाडी सुटली, कुठली रखडली, हे तो अशा थाटात सांगायचा, जणू स्वतःच हाकतोय. निवृत्तीनंतर माइक गेला आणि आवाज तेवढा घरी आला. तो सोसायचा कोणी, तर बायकोने. आणि ती दिवसभर शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवून आधीच कावलेली.

पुढे त्याने प्रतिकारशक्ती वाढवणारी कसलीशी हिरवी भुकटी विकायला घेतली आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी दिलेली गोळी बंद केली. "गोळ्या दुबळ्यांसाठी असतात," तो छाती फुगवून सांगायचा. "माझ्या पांढऱ्या पेशीच रक्तातली चरबी खाऊन टाकतात!" पांढरी पेशी म्हणजे काय, हे त्याला जिन्यातल्या मांजराइतकंच ठाऊक. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मनात म्हणत बायको दोरा दातांनी तोडायची. सुरुवातीला ती गोळी ताटाशेजारी ठेवायची. एकदा तुळईमागे दडवलेल्या गोळ्यांचा ढीग सापडला, तेव्हा तिने नाद सोडला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र त्याच्या नादी लागून आपलीही गोळी सोडली.

एका सकाळी त्याने गच्चीवर खुर्च्या मांडून व्याख्यान ठेवलं. "आपल्या पेशी म्हणजे पहारेकरी..." एवढं बोलला, छाती धरली आणि घामाघूम होऊन मटकन खाली बसला. लोकांना वाटलं, हे प्रात्यक्षिक. दोघांनी तर टाळ्याही वाजवल्या! बायको खुर्च्या ढकलत धावली.

दवाखान्यात त्याच्या हृदयाच्या धमनीत जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तेव्हा खाटेवरूनही भोंगा वाजलाच. "पण डॉक्टर, माझी प्रतिकारशक्ती तर दांडगी आहे!"

"काका, दुखणं तिथेच तर आहे," बाई म्हणाल्या. "जास्तीचं कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत शिरतं आणि तिथे ऑक्सिडाइज होतं. तेल खवट होतं ना, तसं. पांढऱ्या पेशी ते साफ करायला जातात, पण थांबायचं कुठे हे त्यांना कळत नाही. खाऊन खाऊन फेसासारख्या फुगतात, तिथेच मरतात. त्यांच्या हाकेने आणखी पेशी येतात, सूज वाढते, गाठ बनते. ती फुटली की रक्त गोठतं. काल तेच झालं."

"सगळ्याच पेशी अशा असतात?" बायकोने विचारलं.

"नाही हो. काही पेशी सूज उतरवून भांडण मिटवणाऱ्याही असतात. पण खाणाऱ्यांना जोर देऊन काय साधणार? मुळात खवट व्हायला माल कमी पाहिजे. त्यासाठी गोळी."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडं, हनुवटीवर पेजेचा ओघळ. या माणसासाठी आपण काल रडलो, याचा तिला मनस्वी राग आला.

घरी आल्यावर आठवडाही गेला नाही, तोच तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अहो, डॉक्टर स्वतः म्हणाल्या, माझ्या पेशी जरा जास्तच ताकदवान आहेत. भुकटी नसती तर वाचलो नसतो!"

बायकोने मशीन थांबवली. कपाटातले भुकटीचे सगळे डबे मोरीत ओतले. मोरी तुंबली, तेव्हा काठीने ढोसलं. मग गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"आ करा."

"अगं, फोन चालू आहे..."

"आ करा म्हणते ना! शरीराला अक्कल नाही हे कळलं. तुम्हाला तरी आहे का ते बघू द्या."

त्याने गिळली. तिने जीभ वर करायला लावून तपासलं आणि तशीच वरच्या मजल्यावर गेली. काकूंनी दार उघडलं.

"तुमची गोळी कुठे आहे?" तिने विचारलं. "आजच्या आज डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. आमच्या गाढवाचं ऐकलंत, तेवढं पुरे झालं."

काकू ओशाळल्या. "पण ते किती खात्रीने सांगतात गं!"

"हो ना," ती म्हणाली. "तेवढंच येतं त्यांना."

काकू चपला शोधू लागल्या. ती दाराशीच थांबली, त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायला.