राहू द्या, येऊ द्या

टीव्हीवरचे खेळ आपोआप उगवत नाहीत. रानातली वाट जशी कुणीतरी आधी चालून पाडलेली असते, तसा प्रत्येक खेळ कुणीतरी डोकं खाजवून, पाठकोऱ्या कागदांवर रेघोट्या ओढून जुळवलेला असतो. ही गोष्ट असे खेळ जुळवणाऱ्या एका माणसाची. चॅनेलमध्ये त्याला सगळे खेळवाला म्हणत. बायको खुशीत असली की 'उद्योगी' म्हणायची आणि चिडली की 'रिकामटेकडा'. दोन्ही नावांनी हाक मारली तरी तो सारखाच हसायचा.

घरी बसलेल्या माणसाने मोबाइलवर बोट टेकवायचं आणि तिकडे पडद्यावर काहीतरी हलायचं, असे खेळ तो रचायचा. त्याच्या एका खेळात गाणाऱ्याची खुर्ची लोकांच्या बोटांनी वर वर चढायची. दुसऱ्या एका खेळात लोकांनी मिळून एका नावाजलेल्या आचाऱ्याला गोड पदार्थात लसूण घालायला लावला होता, आणि तो बिचारा डोळ्यांत पाणी आणून घालत होता. सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. माणसाच्या बोटात केवढी ताकद आहे हे खेळवाल्याला कळलं होतं. ती ताकद कुठे जाईल, हे कळायचं होतं.

त्याची कामाची एक रीत होती. कुठलाही खेळ चॅनेलला दाखवण्याआधी तो घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडायचा. चमचे म्हणजे स्पर्धक, बटणं म्हणजे मतं. ताटं उचलली गेली की बायको विचारायची, "आज आम्ही कोण? प्रेक्षक की पाहुणे?" आणि त्याची धाकटी बहीण, जी त्यांच्याबरोबरच राहायची, ती घटकाभर गप्प बसून नेमकी खोट काढायची. "दादा, ह्यात जो पहिला बसेल तोच जिंकणार. बघ खेळून." तो खेळून बघायचा आणि खरंच तसंच व्हायचं.

ह्या बहिणीला घरात भागूबाई म्हणत. भित्री भागूबाईतली भागूबाई. बंद जागेची तिला फार भीती. लहानपणी लपाछपी खेळताना ती कपाटात शिरली आणि बाहेरून कडी पडली. भाऊ घरभर हाका मारत फिरला, त्या कपाटाला पाठ टेकून उभासुद्धा राहिला, पण आतून ओ नाही की हुं नाही. सापडली तेव्हा डोळे सताड उघडे आणि दातखीळ बसलेली. तेव्हापासून घरच्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाकीची माणसं घाबरली की ओरडतात, ही घाबरली की गप्प होते.

एकदा चॅनेलने भीतीचा खेळ मागितला. चॅनेलच्या दिग्दर्शिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्याला म्हणाल्या, "लोकांना हसवून झालं. आता जरा पोटात गोळा आणा." तो आठवडाभर भिंतीकडे बघत बसला. मग त्याला ते कपाट आठवलं.

खेळ असा. लाकडी खोली, एक माणूस मावेल एवढी. पाहुणा आत बसणार. प्रत्येक फेरीला पडद्यावर दोन शब्द येणार, 'राहू द्या' आणि 'येऊ द्या'. पाहुण्याला आतच राहू द्यायचं असेल तर पहिला दाबायचा. मग भिंती वीतभर आत सरकणार, दिवा आणखी मंद होणार. पाहुण्याला बाहेर येऊ द्यायचं असेल तर दुसरा दाबायचा. त्याला जास्त मतं पडली की दार उघडणार. पाहुण्याला सहन झालं नाही तर त्याने आतल्या माईकला तोंड लावून 'बस' म्हणायचं, ते ऐकूनही यंत्र दार उघडणार. मतांमध्ये चॅनेल हात घालतं असं कुणी म्हणू नये, म्हणून दाराचं कुलूप आणि भिंती थेट मतांच्या यंत्राला जोडायच्या, मध्ये कुणाचाही हात नको, हा हट्ट खेळवाल्याचाच.

राहू द्या, येऊ द्या. कवितेसारखी जोडी जमली होती. बैठकीत त्याने ती म्हणून दाखवली तेव्हा मॅडमनी टेबलावर थाप मारली. "वा! लोकांच्या तोंडात बसेल." त्याची छाती फुगली.

हा एकच खेळ त्याने घरी मांडला नाही. मांडणार कसा? भागूबाईसमोर ती खोली कुठल्या तोंडाने ठेवणार? चाचण्या चॅनेलच्या माणसांवरच झाल्या, आणि त्या सगळ्यांना नियम पाठ होते.

पहिला भाग थेट दाखवायचा होता, संध्याकाळी, घराघरांत माणसं टीव्हीसमोर बसतात त्या वेळी. प्रेक्षकांत बसायला त्याने दोन पास घरी दिले होते. बायकोचा पाय मुरगळलेला, म्हणून भागूबाई एकटीच आली. तो वरच्या मजल्यावर काचेमागे, मॅडमच्या शेजारी बसला होता. सूत्रसंचालकाने झोकात नियम सांगितले, टाळ्या झाल्या, आणि ठरलेल्या पाहुण्याने खोलीच्या दारापर्यंत येऊन आत वाकून पाहिलं. चांगला धिप्पाड गडी होता. तो दोन पावलं मागे सरला.

"नाही जमणार हो," तो म्हणाला आणि निघूनच गेला.

एकच गडबड उडाली. जाहिराती लावल्या. परत आल्यावर सूत्रसंचालकाने घाम पुसत प्रेक्षकांना विचारलं, "कुणी आहे का हिंमतवान?" सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. मग मधल्या रांगेत एक हात वर गेला. बारीक मनगट, निळी बाही.

भागूबाईची बाही खेळवाल्याने लगेच ओळखली. "ती नको," तो म्हणाला.

मॅडमनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, "का? ओळखीची आहे?"

बहीण आहे म्हटलं असतं तर खेळ तिथेच थांबला असता. नातेवाइकांना खेळात उतरायला बंदी होती. कित्येक महिन्यांचं काम, टीव्हीसमोर खोळंबलेले एवढे लोक. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहावी तेवढाच वेळ गेला. तेवढ्यात भागूबाई आत जाऊन बसली आणि दार लागलंसुद्धा.

पहिल्या फेरीत ती ताठ बसली होती. खोलीतल्या कॅमेऱ्यात तिचा चेहरा दिसत होता, ओठ घट्ट, हात मांडीवर. पडद्यावर मतं दाखवणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी 'राहू द्या'ची थोडी पुढे गेली. लोकांना अजून बघायचं असणार, त्यात नवल नव्हतं. भिंती सरकल्या, दिवा मंदावला.

दुसऱ्या फेरीत तिचे डोळे बदलले. ते नेहमीपेक्षा मोठे झाले आणि पापण्या लवेनाशा झाल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "काय धीराच्या आहेत बघा! एक अवाक्षर नाही!" खेळवाल्याला ते डोळे ठाऊक होते.

"मॅडम, थांबवा. ती घाबरली आहे."

"घाबरली असती तर बस म्हणाली असती. नियम तुमचाच आहे."

"ती माझी बहीण आहे. तिला बोलता येत नाही अशा वेळी."

आता मॅडमनी मान वळवली. त्यांचा रंग उतरला होता. "हे आत्ता सांगताय? दार आणि भिंती दोन्ही मतांवर आहेत, माझ्या हातात काही नाही." त्यांनी फोन उचलून सुताराला बोलावलं. खोलीच्या मागच्या फळ्या काढायच्या, पण त्या आतल्या बाजूने पक्क्या ठोकलेल्या. वेळ लागणार होता.

आणि पडद्यावर 'राहू द्या'ची पट्टी धावत सुटली. जसजसा तिचा चेहरा पांढरा पडत गेला तसतशी ती लांबत गेली. लाखो बोटं. खेळवाला त्या पट्टीकडे बघत राहिला. ह्याच लोकांना त्याने इतकी वर्षं हसवलं होतं. हीच ती माणसं? एका बाईला डोळ्यांदेखत आक्रसताना बघून ही म्हणतात, राहू द्या आत? स्पीकरमधून सूत्रसंचालकाचा आवाज खोलीत जात होता, "ताई, लोकांना वाटतंय तुम्ही अजून आतच राहावं!" भिंती पुन्हा सरकल्या. आता तिचे गुडघे समोरच्या फळीला टेकले.

त्याचा मोबाइल थरथरला. बायको होती, रडत होती.

"अहो, काय चाललंय तिकडे? मी मघापासून दाबतेय, शेजारच्या काकूंनी दाबलं, खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी दाबलं, तरी तिला बाहेर का काढत नाही तुम्ही?"

"काय दाबताय?"

"काय म्हणजे? राहू द्या! पुरे झालं, राहू द्या आता, नको तो खेळ! ती काही मेली कार्टी 'येऊ द्या, येऊ द्या' दाबतायत, अजून भिंती येऊ द्या म्हणून. लाज नाही त्यांना."

खेळवाल्याने आपलेच दोन शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले.

राहू द्या. म्हणजे आत राहू द्या. राहू द्या, म्हणजे असू द्या, पुरे, सोडा आता. घरात दिवसातून दहादा म्हणायचा शब्द. आणि येऊ द्या, म्हणजे बाहेर येऊ द्या, नाहीतर चालू द्या, आणखी येऊ द्या! ज्याने नियम ऐकला त्याला एक अर्थ, जो गडबडीनंतर टीव्हीसमोर येऊन बसला त्याला बरोबर उलटा. जेवढी माणसं तिच्यासाठी कळवळत होती तेवढ्या वेगाने भिंती तिच्या अंगावर येत होत्या. घराघरांतली दया यंत्रात शिरत होती आणि फळी होऊन बाहेर पडत होती.

तो जिन्यावरून धावत खाली गेला. सूत्रसंचालकाच्या हातातला माईक त्याने जवळजवळ हिसकावलाच. समोर कॅमेरा होता. त्याच्या डोळ्यांवर झोत पडला आणि त्याला काहीच दिसेना.

"ऐका," तो म्हणाला. "आत माझी बहीण आहे. हा खेळ मीच केलाय, शब्दसुद्धा मीच ठेवलेत, आणि ते चुकलेत. राहू द्या दाबलं की ती आत राहते. भिंती जवळ येतात. तिला बाहेर काढायचं असेल तर येऊ द्या दाबा. पुन्हा सांगतो. येऊ द्या. ती तोंडाने मागू शकत नाही, म्हणून मी मागतोय."

मग तो खोलीपाशी गेला आणि फळीला हात लावून त्याने हाक मारली. आतून काही आलं नाही. मागच्या बाजूला सुताराचा हातोडा ठकठक करत होता.

तिसरी फेरी सुरू झाली. पट्ट्या पुन्हा शून्यावरून निघाल्या. आणि तेव्हा खरी भीती आली. आतापर्यंतची भीती तिच्यासमोर काहीच नव्हती. मघाशी लोकांना माहीत नव्हतं. आता माहीत होतं. आता जो कुणी 'राहू द्या' दाबेल तो समजून उमजून दाबेल.

दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी चालल्या, जोडीने कामाला निघालेल्या बायांसारख्या. 'येऊ द्या' थोडी पुढे गेली. 'राहू द्या'ने तिला गाठलं. खेळवाल्याच्या तळहाताला फळीचा थरकाप जाणवत होता. तो हातोड्याचा होता की तिचा, कळत नव्हतं. 'येऊ द्या' अर्ध्याच्या जरा पलीकडे सरकली, डळमळली, आणि वेळ संपली तिथेच थांबली.

खट्. कुलूप सुटलं.

तिला त्याने काखेत हात घालून बाहेर काढलं. बोटं थंडगार पडली होती. बाजूच्या खोलीत तिला आडवी केली, कपाळाला पाणी लावलं, डॉक्टर येऊन बघून गेले. पुष्कळ वेळाने तिला वाचा फुटली.

"तू हात का वर केलास गं?" त्याने विचारलं.

"खोली बघितली आणि ओळखली," ती म्हणाली. आवाज चिरका होता. "म्हटलं, दादाने माझ्या भीतीचं घर बांधलंय. निदान मालकिणीने एकदा राहून तरी बघावं." ती हसायला गेली, हसू अर्ध्यात सांडलं. "आत त्यांचं ऐकू येत होतं. लोकांना मी आतच हवी होते."

"नाही गं. त्यांना तू बाहेर हवी होतीस. शब्द उलटा समजले लोक." त्याने सगळं समजावून सांगितलं, वहिनीचा फोनसुद्धा.

"आणि शेवटच्या फेरीत? तू सांगितल्यावर?"

"शेवटच्या फेरीत दार उघडलं."

"ते मला माहीत आहे. बाकीचे?"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "काहींना ऐकू आलं नसेल. काही गोंधळले असतील," तो म्हणाला. बोलताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. तिने ग्लास घेतला आणि पुन्हा विचारलं नाही.

तो खेळ त्याने मागे घेतला. चॅनेलने दुसऱ्याकडून शब्द बदलून घेतले आणि खेळ चालू ठेवला. लोक आवडीने बघतात म्हणे. खेळवाला आता दुसऱ्या ठिकाणी शाळेच्या मुलांसाठी कोडी रचतो, त्यात कुणी काही दाबत नाही. भागूबाईची भीती होती तेवढीच आहे, पण ती आता त्या भीतीबद्दल चारचौघांत बोलते, आणि कधीकधी थट्टाही करते.

बदलला तो भाऊच. संध्याकाळी दोघं बाजारात जातात तेव्हा लोक तिला ओळखतात. भाजीवाली म्हणते, "ताई, तुमच्यासाठी मी दाबलं होतं हो." बसचा वाहक म्हणतो, "शेवटी आम्हीच काढलं तुम्हाला!" शाळकरी पोरी, औषधवाला, रस्ता झाडणारी मावशी, सगळ्यांनी तिला बाहेरच काढलेलं असतं. ती सगळ्यांचे आभार मानते. इतक्या दिवसांत दुसरा शब्द दाबलेलं एकही माणूस भेटलेलं नाही. खेळवाला तिच्या एक पाऊल मागे चालतो, पिशव्या सांभाळत, आणि समोरचा बोलत असताना तो त्याच्या तोंडाकडे बघत नाही. अंगठ्याकडे बघतो.