काचेच्या पट्टीवरचा थेंब

तरीही माझं म्हणणं असं, की डॉक्टर वासुदेवरावांनी त्या दिवशी बैल आधी चिरायला हवा होता. ही तक्रार मी त्यांच्या तोंडावर केली आहे आणि ते दर वेळी हसले आहेत. आता त्यांना साठ वर्षं पूर्ण होताहेत, गौरवग्रंथ निघतो आहे, म्हणून इथेही लिहितो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. एका जागी पाय टिकत नाही. सध्या कलकत्त्याकडे तागाच्या गिरणीत आहे. चूकभूल संपादकांनी सांभाळून घ्यावी.

आमची वस्ती धरमपेठेच्या पलीकडे, वावरांना लागून. मेलेली गुरं ओढून नेणं, कातडं काढणं हे आमच्या घराचं काम. मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा, तरणा बैल एकाएकी मेला, आणि कातड्यासाठी विष घातलं असा आळ माझ्या वडिलांवर, सोनबांवर, आला. शिपायाने त्यांना बैलाजवळ उन्हात बसवून ठेवलं. तुरुंगच समोर दिसत होता. अशा वेळी नागपूरच्या गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टरसाहेब सायकलवर आले. तीच आमची पहिली ओळख.

त्यांनी सुरी काढलीच नाही. बैलाचा कान टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला आणि परत निघाले.

"काहून जी, मेलेल्या बैलाची नाडी पाहाले आलते काय?" मालगुजार म्हणाले.

मी सायकल धरली. "साहेब, माझा बाप उन्हात बसून राहिला. माणसाले तर लगेच चिरता तुम्ही लोक."

"माणसासाठी बंद खोली असते गा, टेबल असते. हे उघडं वावर हाय. काळपुळीनं मेला असन, तर चिरल्यावर रोग मातीत जाते, अन् चिरणाऱ्याच्या हातात. मंग चिरत नाही, खोल पुरतो. हा थेंब दुर्बिणीखाली पाहून येतो. सोड सायकल."

ऊन कलल्यावर ते परतले. काळपुळी नव्हती. मग बैल चिरला, आणि पाय धरायला माझे वडीलच. दुसरं कोणी हात लावणार नव्हतं, आळ आलेल्या माणसालाच बोलावण्यावाचून शिपायाचाही इलाज नव्हता. कोणाच्या जिवासाठी साहेब थांबले होते, ते मला तेव्हा कळलं. राग मात्र पुरता गेला नाही. बापाचं वाळलेलं तोंड मी पाहिलं होतं.

मेलेल्या माणसाच्या तपासणीत घरच्यांना बाहेर ठेवतात, कागद सांगेल ते ऐकावं लागतं. साहेबांनी मालगुजारांनाच दंडाला धरून जवळ आणलं. "धनी तुम्ही. पाहा." पोटाच्या जाळीदार पिशवीतून घुसलेला तारेचा तुकडा काळजापर्यंत पोचला होता, भोवती पू. "चाऱ्यासंगं गिळला. माणूस खडा थुकते, बैल नाही थुकत."

मालगुजारांनी वाकून तुकडा पाहिला. "तार तर माझ्याच कुंपणाची हाय," ते हळूच म्हणाले. शिपायाने वडिलांना उठून जायला सांगितलं.

पण साहेबांनी जाऊ दिलं नाही. साबण काढून वडिलांचे हात त्यांनी स्वतःच्या हातांनी चोळले, नखांपर्यंत. "असे धुवत जा, सोनबाजी." वस्तीबाहेरच्या माणसाने माझ्या बापाचा हात धरलेला मी तोवर पाहिला नव्हता. वडील खाली पाहत होते.

डॉक्टरसाहेबांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, आणि मुक्या जिवांना ते आणखी पुष्कळ वर्षं लाभोत. ग्रंथासाठी मनीऑर्डर करतो आहे. वर्गणीदारांत वडिलांचं नाव माझ्या आधी घालावं: त्यांचे तीन रुपये, माझे दोन.