सात जणांची गाडी

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस एका जागी बसेल ही अपेक्षाच चुकीची, असं त्याची आई म्हणायची. जेवतानासुद्धा तो अर्ध्या खुर्चीवर बसे. फोन वाजला की उठे, आणि बराच वेळ वाजला नाही तर का वाजला नाही म्हणून उठे. शहरात कुठे ना कुठे कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असायचंच, आणि ते आपणच अडकवलंय अशा चेहऱ्याने हा हत्यारांची पिशवी उचलून धावायचा.

पण अलीकडे त्याच्या पायाला जी भिंगरी लागली होती ती कामाची नव्हती. दीड वर्षापूर्वी त्याने दुसरं लग्न केलं होतं. पहिली बायको नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. रीतसर घटस्फोट झाला आणि दोन्ही मुलं त्याच्याकडे राहिली. थोरली आता सोळाची, धाकटा टिल्लू आठ वर्षांचा. नवी बायको तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तिचा पहिला नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. तिच्याबरोबर तिचा चौदा वर्षांचा मुलगा आला, ज्याला उंचीमुळे सगळे लंबू म्हणत, आणि आले तिचे वडील, आप्पा. इकडे त्याची आई होतीच. एकूण सात डोकी.

घर मोठं घेतलं, जेवणाचं टेबल मोठं घेतलं. गाड्या मात्र दोनच राहिल्या. त्याची जुनी करडी आणि तिची छोटी लाल. कुठे जायचं म्हटलं की फाटकाशी येताच घराचे दोन तुकडे पडत. आई, थोरली, टिल्लू करड्या गाडीत. आप्पा आणि लंबू लाल गाडीत. कोणी कोणाला सांगायचं नाही, आपोआप. मग रस्ताभर त्याचा एक डोळा आरशात. लाल गाडी सिग्नलला अडकली की याचा जीव खालीवर. हा गाडी कडेला घेऊन वाट बघत बसायचा, तोवर ती दुसऱ्या रस्त्याने पुढे निघून गेलेली असायची आणि वर बायको फोन करायची, "अरे, राहिलास कुठे?"

शेवटी त्याच्या मनाने घेतलं की सगळ्या दुखण्याचं मूळ या दोन गाड्यांत आहे. तीन रांगांची एक मोठी गाडी घ्यायची, सगळ्यांनी एकत्र बसायचं, विषय संपला. समोरासमोरच्या दोन शोरूममधल्या दोन गाड्या त्याने हेरल्या. एक निळी, एक पांढरी. आणि एका सुट्टीच्या सकाळी अख्खं लटांबर घेऊन तो तिथे हजर झाला.

निळी गाडी म्हणजे चाकांवरचं घरच होतं. बॉनेट एवढं उंच की समोरून टिल्लू गेला तर दिसू नये. चढायला पायरी होती, पण तीही उंच. आईने दांडा धरला, एक पाय ठेवला, आणि तिथेच थबकली.

"विहीणबाई, ढकलू का?" आप्पांनी अदबीने विचारलं.

"तुम्ही आधी स्वतः चढून दाखवा," आई म्हणाली.

आप्पा चढले, पण गुडघ्यावर. त्यावर आईचं समाधान झालं आणि तीही चढली.

गाडी दाखवायला आलेल्या शोरूमच्या ताई मधल्या रांगेत कशाबशा टेकल्या, कारण आठवी जागा त्या निळीतच होती. त्याने गाडी रस्त्यावर काढली. इंजिनाला दम भरपूर. पाय नुसता टेकवला तरी सगळं ओझं घेऊन गाडी पुलाच्या चढावर सुसाट निघाली. खड्डे कळत नव्हते. पण वळणावर ती भरलेल्या पोत्यासारखी एका अंगावर कलायची, आणि ब्रेक लावला की थांबल्यावरही एक हेलकावा देऊनच शांत व्हायची. हे त्याला खटकलं. चांगली लिफ्ट थांबली हे आतल्याला दार उघडल्यावर कळायला हवं, हा त्याचा धंद्यातला हट्ट होता.

"मागे कसं वाटतंय?" त्याने ओरडून विचारलं.

 शेवटच्या रांगेत लंबू कानात गाणी घालून बसला होता. थोरली आईशेजारी मधल्या रांगेत खिडकीला नाक लावून. बायको पुढे याच्या बाजूला, पण मान वळवून मुलाकडे बघत. एका गाडीत सात माणसं बसली होती आणि तरी प्रत्येक जण आपापल्या तुकड्यातच होता. 

पांढऱ्या गाडीची तऱ्हा वेगळी. ती बुटकी होती, आई एका पावलात आत गेली आणि तिने विजयी मुद्रेने आप्पांकडे बघितलं. स्टिअरिंग हलकं, वळणावर गाडी रस्ता धरून राहायची, ब्रेक लोण्यासारखे. इंजिन मात्र चढावर कुरकुरत होतं आणि खड्डा आला की मागून धपकन आवाज यायचा. शिवाय तिसरी रांग निळीपेक्षा अरुंद. या वेळी तिथे त्याने मुद्दाम टिल्लूला लंबूच्या शेजारी बसवलं. "जरा मिसळा एकमेकांत," तो म्हणाला. मुलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने त्यांना अंक शिकवायला घेतले.

इथल्या शोरूमची बाई मागून स्वतःच्या गाडीने येत होती. शहराबाहेरच्या घाटात तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून लंबूचा आवाज आला, "काका, थांबवा! याला उलटी होतेय!"

तो थांबेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. पण सीटवर एक थेंब नव्हता. लंबूने आपलं नवं जाकीट पुढे धरलं होतं.

सगळे उतरले. बायको टिल्लूला पाणी पाजू लागली. शोरूमची बाई लांब उभी राहून फोनवर बोलल्यासारखं करू लागली. तो जाकीट कठड्यावर पिळत येरझाऱ्या घालत होता आणि तोंडाने एकसारखं चालू होतं. "होईल सवय. दोनचार वेळा एकत्र गेलो की होईल. निळीत मागे जागा जास्त आहे, तीच घेऊ. एकदा सगळे एका गाडीत आलो ना..."

"आम्हाला कुणी विचारलं?" थोरली म्हणाली.

"काय?"

"एका गाडीत यायचंय का, हे. बाबा, घरी तू कुणाच्या तरी लिफ्टमध्ये असतोस, नाहीतर फोनवर. गाडीत तेवढा आमचा असतोस. तुला स्टिअरिंग सोडून उठून जाता येत नाही ना तिथे."

बायकोने वर पाहिलं. आई काहीतरी म्हणायला गेली, पण त्याआधी लंबूच बोलला. तो याच्याशी सहसा चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नसे.

"ती बरोबर बोलतेय, काका. मलाही नकोय. आम्ही लाल गाडीत माझ्या बाबांबद्दल बोलतो. मी, आई आणि आप्पा."

"अरे, मग घरी बोला ना! मी कधी नको म्हटलंय?"

"नको नाही म्हणत. पण विषय निघाला की तुम्ही उठून जाता. मग आम्हीच गप्प बसतो."

त्याने बायकोकडे बघितलं. तिने नाही म्हटलं नाही. आप्पा दरीकडे बघत उभे होते, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

तो उठून जायचा हे खरं होतं. त्यांना मोकळेपणी बोलता यावं, म्हणून आपण जातो, असं तो स्वतःला सांगत आला होता. आता घाटाच्या कडेला, हातात ओलं जाकीट धरून, त्याला ते तितकंसं खरं वाटेना. त्या माणसाचं नाव निघालं की याच्या तळपायाला मुंग्या यायच्या, एवढंच खरं होतं.

सगळे परतले. गाडी दोन्ही शोरूमपैकी कुठेच नक्की झाली नाही.

पुढचे काही आठवडे त्याने सगळ्यांना वात आणला. दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं घेऊन घरभर फिरायचा, मध्येच म्हणायचा, नकोच गाडी. दोनदा तो एकटा जाऊन दोन्ही पुन्हा चालवून आला. रिकाम्या चालवल्या तेव्हा त्या वेगळ्याच वाटल्या; निळी उगाच फुशारलेली, पांढरी थोडी आवाज करणारी पण सांगितलेलं ऐकणारी.

एका संध्याकाळी जेवताना आप्पांच्या बोलण्यातून जावयाचा विषय निघाला, पहिल्या जावयाचा.  याचे पाय हलले. त्याने खुर्चीची कड घट्ट धरली आणि विचारलं, "गाडी कशी चालवायचे ते?"

लंबूने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाईट. खूप वाईट."

"मागे घेताना आमचं फाटक पाडलं होतं," आप्पा म्हणाले, "आणि वर फाटकालाच शिव्या."

बायको आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. टिल्लूने फाटक पाडण्याचा आवाज करून दाखवला. याच्या फोनची रिंग वाजली तेव्हा तो उठला, पण जिन्यापर्यंत जाऊन, दुसऱ्या माणसाला पाठवून, परत येऊन बसला. अर्ध्याच खुर्चीवर, पण बसला.

नंतर भांडी आवरताना बायको म्हणाली, "गाडी घ्यायचीय तर घे की. मोठी घेतली म्हणून सगळ्यांनी कायम तिच्यातच कोंबून बसायला हवं असं थोडंच आहे? माझी लाल मात्र मी विकणार नाही."

पांढरी घेतली. आईच्या गुडघ्यांनी कौल दिला म्हणा, किंवा ब्रेकनी. करडी तिच्या बदल्यात गेली.

पहिल्याच रविवारी शहराबाहेरच्या तळ्यावर जायचं ठरलं. त्याने गाडी पुसून फाटकाशी लावली. थोरली येऊन पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. बाकीचे येईचनात. बघतो तर आई, आप्पा, लंबू आणि टिल्लू लाल गाडीत शिरत होते. मागे तिघं एकमेकांच्या मांडीवर, टिल्लूचा हात खिडकीबाहेर, आणि आई आप्पांना सांगतेय, "जरा सरका, देह आवरा."

"हे काय?" त्याने बायकोला विचारलं.

"पोरांनी ठरवलंय," ती म्हणाली आणि तिने लाल गाडीचं इंजिन चालू केलं.

सात जणांच्या गाडीत दोघं निघाली. मागच्या दोन रांगा रिकाम्या, त्यामुळे खड्ड्याचा धपका जास्तच ऐकू येत होता. आता एवढी मोठी गाडी घेऊन आपण काय केलं, हा विचार त्याच्या डोक्यात घोंघावत राहिला. थोरली बराच वेळ बाहेर बघत होती. घाट सुरू झाला तेव्हा म्हणाली, "बाबा, आईचा परदेशातून फोन आला होता. कॉलेजला तिकडे ये म्हणतेय."

त्याच्या तळपायांना मुंग्या आल्या. गाडी थांबवावी, उतरावं, बॉनेट उघडून उगाच काहीतरी बघावं असं वाटलं. रस्ता अरुंद होता, थांबायला जागा नव्हती.

"तू काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"अजून काही नाही. जावंसं वाटतं. मग नाही वाटत. तुला राग येईल का?"

"येईल," तो म्हणाला. "थोडा. तू सांग पण. सगळं सांग."

ती सांगू लागली. त्याने गाडी हळू घेतली. मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवले, त्याने त्यांना जाऊ दिलं.

तळ्यावर पोचले तेव्हा बाकीच्यांचं पहिलं भांडण होऊन गेलेलं होतं आणि सतरंजी पसरून झाली होती.

"एवढा उशीर?" बायकोने विचारलं.

"चढावर जरा जपून घेतली. नवीन आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग डोळे लाल झालेल्या, पाण्याकडे चाललेल्या थोरलीकडे पाहिलं, आणि त्याच्यासाठी सतरंजीवर जागा केली. तो बसला, लगेच उठला, आणि पोरीच्या मागोमाग पाण्याकडे निघाला.