आहुपेच्या देवराईतली करवत

लाकडाच्या दलालाने आहुपे गावाला फसवलं आणि त्यासाठी मला पुढे केलं.

आजही माझ्या वखारीत ओलं लाकूड चिरलं, की त्या वासाने मी बाहेर जाऊन उभा राहतो. नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवते. कड्यावरून धुकं आत शिरत होतं आणि देवराईत भर दिवसा अंधारून आलं होतं. या रानातून वाळकी काटकीही कोणी घरी नेत नाही. काही न्यायचंच असेल, तर गावचा भगत आधी देवाला कौल लावतो.

"कौल उजवा पडलाय, राव," मला झाड विकताना दलाल म्हणाला होता. मी प्रत्येक रुपयावर घासाघीस करणारा माणूस, पण देवाच्या होकारावर काय घासाघीस करणार?

माझी करवत खोडात बोटभर आत गेली आणि झाडांमधून माणसं येऊन उभी राहिली. एक म्हातारी पुढे झाली.

"पावणं, कौल कुनी लावला?"

मी मागे वळलो. दलाल नव्हता. खाली रस्त्यावर त्याची मोटारसायकल सुरू झाली.

"उजवा पडला म्हणून सांगितलं मला..."

"आमचा भगत अंथरुणात हाय. देव काय तुमच्या दलालाच्या कानात बोलला व्हय?"

तेव्हा मला तिचाच राग आला होता. आता वाटतं, तिने निदान विचारलं तरी.

झाडावरची ती खाच गावकरी अजून माझ्या नावाने दाखवतात आणि दलाल जुन्नरच्या बाजारात ताठ मानेने फिरतो. त्याने देवराईत यावं, त्या झाडाखाली उभं राहावं आणि म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. तो प्रश्न मला नव्हताच.